राष्ट्रीय ग्रंथालयात जाण्यापूर्वी

कोलकात्याच्या अलीपूर भागातील बेल्व्हेडिअर वास्तूत १९५३ साली राष्ट्रीय ग्रंथालय वाचकांसाठी खुले झाले. आज तेथे २० लाखांहून अधिक ग्रंथ आहेत. एका ग्रंथाची जाडी सरासरी अडीच सेंटिमीटर धरली, तर त्यांची रांग ५० किलोमीटर लांब होईल! साहजिकच वाचकाला थेट कपाटांपाशी जाता येत नाही. सूचीत ग्रंथ शोधायचा, त्याचा क्रमांक मागणी-चिठ्ठीवर लिहायचा आणि ग्रंथ येईपर्यंत थांबायचे. ‘बघू काय सापडते ते’ असे म्हणून गेल्यास दिवस फुकट जातो. म्हणून नेमका प्रश्न घरूनच ठरवून निघावे.

एक उदाहरण घेऊ. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकयर यांनी विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असे आपल्याकडे अनेकदा सांगितले जाते. वास्तविक १८ ऑगस्ट १८६८ चे ते ग्रहण जान्सेन यांनी गुंटूरहून पाहिले. लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्येच होते आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी तेथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या वर्णपटातील ती पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गास ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. हे विद्यार्थ्यांना मूळ कागदांवरून दाखवायचे, तर कोणते कागद हवेत? जानेवारी १८९८ ची वृत्तपत्रे हवीत. शिवाय तेच ग्रहण पुण्याच्या प्रा. नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून पाहिले होते. त्यांचा इंग्रजी अहवाल १९०२ साली छापला गेला, तोही हवा.

ही यादी आधी जवळपास ताडून पाहावी. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाबरोबर आणखी तीन ग्रंथालयांनाही पाठवावी लागते, आणि त्यांतले एक मुंबईत आहे. (सगळेच प्रकाशक ती पाठवतात असे नाही, ही गोष्ट वेगळी.) तेव्हा अलीकडच्या पुस्तकासाठी दोन हजार किलोमीटर जाऊ नये. ‘केसरी’चे जुने अंक पाहायला पुणे गाठावे. कोलकात्यासाठी राखून ठेवावीत ती तिकडची इंग्रजी आणि बंगाली वृत्तपत्रे. कोलकाता तेव्हा राजधानी होती आणि हेच ग्रहण बिहारमधील बक्सरलाही खग्रास दिसले होते.

सर्वांत जास्त वेळ खातात ती नावांची स्पेलिंगे. नायगमवाला हे आडनाव त्यांच्या इंग्रजी लेखनात ‘एन-ए-ई’ने सुरू होते. ‘एन-ए-वाय’खाली शोधणाऱ्याला अहवाल तेथे नाहीच असे वाटेल. जुन्या मराठी पुस्तकांचेही तसेच. रोमन लिपीतल्या सूचीत ‘श’साठी कधी नुसता एस, तर कधी एस-एच असतो. प्रत्येक नावाची दोन-तीन रूपे वहीत लिहून न्यावीत.

निघण्यापूर्वी महिनाभर आधी ग्रंथालयाला लिहून वाचक-कार्डासाठी कोणती कागदपत्रे लागतात, हवी ती वृत्तपत्रे आहेत का, आणि मूळ अंक हाताळू देतात की मायक्रोफिल्मवरच पाहावे लागतात, हे विचारावे. आमच्या मते तीन दिवस तरी हातात हवेत. शिक्षकांना सवड मिळते ती दिवाळीच्या सुट्टीत. पण त्याच सुमारास तिकडे कालीपूजा असते. रेल्वेचे आरक्षण करण्याआधी वाचनकक्ष कोणत्या दिवशी उघडा राहील याचीही चौकशी त्याच पत्रात करावी.