छापील मायलेज आणि रस्त्यावरचे मायलेज

नव्या मोटारीच्या माहितीपत्रकात मायलेजचा जो आकडा छापलेला असतो, तो रस्त्यावर मोजलेला नसतो. प्रयोगशाळेत गाडीची चाके रोलरवर ठेवून, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे ती चालवून तो काढलेला असतो. भारतात ही चाचणी घेणाऱ्या संस्थांपैकी सर्वांत परिचित संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. 1966 साली स्थापन झालेली ही ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया म्हणजेच एआरएआय. मानेसरच्या आयकॅटमध्येही अशा चाचण्या होतात, तरी शोरूममध्ये ‘एआरएआय मायलेज’ हाच शब्द रुळला आहे. हा आकडा खोटा नसतो. मात्र गाडी घेणाऱ्याला महिन्याच्या पेट्रोलखर्चाचा अंदाज हवा असतो आणि तो या आकड्यातून मिळत नाही.

या वेळापत्रकाला ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ म्हणतात. युरोपच्या जुन्या चाचणीवरून ते बेतलेले आहे. एकूण वेळ 1180 सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना वीस सेकंद कमी, आणि अंतर 11 किलोमीटरच्या आतबाहेर. पहिल्या भागात 195 सेकंदांचे शहरी आवर्तन चार वेळा होते, त्यात वेग ताशी 50 किलोमीटरच्या वर जात नाही. दुसऱ्या 400 सेकंदांच्या भागात तो जास्तीत जास्त 90 पर्यंत पोचतो. चालकासमोरच्या पडद्यावर वेगाची रेषा सरकत असते आणि त्याने गाडी त्या रेषेवर ठेवायची असते. शहरी भागात शून्यावरून 50 चा वेग गाठायला 26 सेकंद मिळतात. पुण्यात किंवा ठाण्यात सिग्नल सुटल्यावर कोणी इतक्या सावकाश निघाले, तर मागचे हॉर्न थांबणार नाहीत.

या चाचणीत पेट्रोल लिटरने मोजत नाहीत. एक्झॉस्टमधून बाहेर पडणारा वायू हवेत मिसळून त्याचे नमुने पिशव्यांमध्ये भरतात आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड व न जळालेले हायड्रोकार्बन मोजतात. इंधनात जेवढा कार्बन होता तेवढा कोणत्या ना कोणत्या रूपात बाहेर पडणारच, या हिशेबाने किती इंधन जळले ते काढतात. ही पद्धत अत्यंत काटेकोर आहे. तफावतीचा दोष मोजमापाला देता येत नाही. ज्या परिस्थितीत मोजले जाते, ती परिस्थितीच रस्त्यापेक्षा वेगळी असते.

चाचणीच्या खोलीतले तापमान 20 ते 30 अंश असते आणि एसी बंद असतो. नागपूरच्या मे महिन्यात गाडी चालवणाऱ्याला हे दोन्ही अशक्य आहे. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो, त्यामुळे गाडी उभी असली तरी इंधन जळत राहते. रांगेत अडकलेली एसी चालू असलेली मोटार तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल सहज घेते आणि त्या तासात ती जेमतेम काही किलोमीटर सरकलेली असते. चाचणीत पाच माणसे, डिकीभर सामान, खंडाळ्याचा घाट, खड्डे, हवा कमी असलेले टायर यांपैकी काहीच नसते. रोज मुलांना शाळेत सोडून परत येण्याइतक्याच दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या असतील, तर इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होते. थंड इंजिन जास्त पेट्रोल पिते.

वेगाचा परिणाम याहून मोठा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 ऐवजी 100 ने गेल्यास तो सुमारे 56 टक्क्यांनी वाढतो. चाचणी 90 च्या पुढे जातच नाही, त्यामुळे द्रुतगती मार्गावरचा प्रवास त्या आकड्यात येतच नाही. लहान टर्बो इंजिनाच्या गाड्यांना याचा फटका अधिक बसतो, कारण रोलरवरच्या हलक्या भारात टर्बोला फारसे काम पडत नाही, पण रस्त्यावर ओव्हरटेक करताना पडते. स्ट्राँग हायब्रिड गाड्यांचे उलटे आहे. शहराच्या थांबत-थांबत चाललेल्या वाहतुकीत त्या छापील आकड्याच्या बऱ्याच जवळ राहतात आणि महामार्गावर मागे पडतात.

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. 20 टक्के इथेनॉलच्या मिश्रणामुळे जुन्या धाटणीच्या चारचाकींचे मायलेज 6 ते 7 टक्क्यांनी घटेल, असे नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच म्हटले होते. या मिश्रणासाठीच जुळवलेल्या इंजिनांत ही घट बरीच कमी राहते.

रोलरने गाडीला किती विरोध करायचा, हे आधी मोकळ्या सपाट धावपट्टीवर ठरते. गाडी वेगात नेऊन न्यूट्रल करतात आणि ती आपोआप कशी मंदावते ते मोजतात. हाच टप्पा सर्वांत नाजूक आहे. 2012 मध्ये ह्युंदाई आणि किया या कंपन्यांना अमेरिकेत सुमारे नऊ लाख गाड्यांचे मायलेज कमी करून पुन्हा जाहीर करावे लागले, त्याचे मूळ याच मोजणीत होते. 2016 मध्ये जपानच्या मित्सुबिशीने सव्वासहा लाख छोट्या गाड्यांच्या चाचणीत विरोधाचे आकडे अनुकूल करून दिल्याची कबुली दिली.

अमेरिकेने छापील आणि प्रत्यक्ष आकड्यांमधले अंतर फार पूर्वी मान्य केले. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1985 च्या मॉडेलांपासून प्रयोगशाळेतल्या शहरी आकड्यातून 10 टक्के आणि महामार्गाच्या आकड्यातून 22 टक्के वजा करून लेबल छापायला सुरुवात केली. 2008 च्या मॉडेलांपासून पाच चाचण्यांची पद्धत आली. त्यातली एक 35 अंशांच्या उष्णतेत एसी चालू ठेवून, एक उणे 7 अंशांच्या थंडीत आणि एक वेगवान, आक्रमक चालवण्याची असते. युरोपात नव्या मॉडेलांसाठी 2017 पासून लागू झालेली चाचणी 1800 सेकंदांची आणि 23 किलोमीटरची आहे, वेग 131 पर्यंत जातो. तरीही अंतर पूर्ण मिटले नाही. 2021 पासून तिथल्या नव्या गाड्यांना जळालेले इंधन स्वतः नोंदवणारी यंत्रणा सक्तीची आहे. त्या नोंदींवरून युरोपीय आयोगाने 2024 मध्ये जे जाहीर केले त्यानुसार पेट्रोल-डिझेल गाड्या छापील आकड्यापेक्षा सुमारे 20 टक्के जास्त इंधन घेतात आणि प्लग-इन हायब्रिड तर सरासरी साडेतीन पट. मालक त्या चार्ज करत नाहीत, हे त्यामागचे मोठे कारण आहे.

भारतीय ग्राहकालाही असा दुसरा, रस्त्यावरचा आकडा छापील आकड्याशेजारीच मिळायला हवा, आणि तो देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. कारण या अंतराची किंमत मोठी आहे. 20 चे मायलेज गृहीत धरून घेतलेली गाडी 15 देत असेल, तर वर्षाला 12,000 किलोमीटरसाठी 600 ऐवजी 800 लिटर लागतात. लिटरला 100 रुपये धरले तरी वर्षाला 20,000 रुपये जास्त. पाच वर्षांत हा फरक लाखावर जातो, म्हणजे शोरूममध्ये घासाघीस करून मिळवलेली सवलत बहुधा त्यातच संपते.

तोवर स्वतःच्या गाडीचा आकडा काढायची खात्रीची रीत एकच आहे. टाकी ऑटो-कटपर्यंत भरून ओडोमीटर लिहून घ्यायचा, गाडी नेहमीसारखी वापरायची, आणि पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा ऑटो-कटपर्यंत भरून झालेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागायचे. एका टाकीचा हिशेब फसवा असू शकतो. चार-पाच टाक्यांची सरासरी घेतली की आकडा स्थिरावतो. डॅशबोर्डवरचा मायलेजचा आकडा अनेक गाड्यांत प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्तच दिसतो, म्हणून तोही या हिशेबाशी ताडून पाहावा लागतो.