साहेब म्हणाले, ‘मी भरतो’... मग भरायचे कोणी?

मैत्रिणींनो, शाळेत ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ नावाचा एक प्रकार होता, आठवतो ना? सर फळ्यावर वाक्य लिहायचे. आपण अवतरणचिन्हे काढायची, मध्ये ‘दॅट’ घालायचा आणि दोन मार्क पदरात पाडून घ्यायचे. पुढे चूल-मूल, शेती, नोकरी यात ते व्याकरण मागे पडले. पण खरे सांगू? पैशाच्या व्यवहारात ते आजही लागते.

आपल्या भंडारा जिल्ह्याचेच बघा. कुणाच्या घरी तुमसरच्या बाजारात धान जाते, कुणाकडे आंधळगावसारखे कोशाचे काम, कुणी बचत गटाची अध्यक्ष. ऑगस्ट २०२४ पासून ‘लाडकी बहीण’चे पैसे खात्यात येऊ लागले, तेव्हा बँकेत कधी न गेलेल्या बायकाही मोबाइलवरचे इंग्रजी मेसेज बघू लागल्या. मुलांना २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आले. त्याआधी मराठी शाळेत शिकलेल्या आपण मात्र पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या. म्हणून मेसेज वाचायला पोराला हाक मारावी लागते. त्यात लाज नाही, पण आपला पैसा आपल्याला कळलेला बरा.

आता गंमत बघा. मराठीत आपण दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे सांगतो. ‘व्यापारी म्हणाला की मी उद्या पैसे देतो.’ यातला ‘मी’ म्हणजे व्यापारी, हे कुणालाही कळते. पण हेच वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत केले, ‘ही सेड दॅट आय विल पे टुमॉरो’, तर यातला ‘आय’ कोण? बोलणारी बाई, म्हणजे तुम्ही! देणे त्याचे, आणि एका शब्दापायी ते आले तुमच्या अंगावर. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाशी किंवा परप्रांतातून आलेल्या बँक अधिकाऱ्याशी बोलताना हा घोळ महागात पडू शकतो.

बरोबर वाक्य असे: ‘ही सेड दॅट ही वुड पे द नेक्स्ट डे.’ तीन बदल झाले. ‘आय’चा ‘ही’ झाला, कारण पैसे तो देणार. ‘विल’चे ‘वुड’ झाले, कारण बोलणे होऊन गेले. ‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’ झाले. तो सोमवारी बोलला आणि तुम्ही बुधवारी सांगताय, तर ‘उद्या’ म्हणजे गुरुवार होईल ना! त्याने तर मंगळवार कबूल केला होता.

प्रश्न असेल तर ‘आस्क्ड’ वापरायचे. कॅशियरने चिल्लर आहे का विचारले: ‘ही आस्क्ड मी इफ आय हॅड चेंज.’ काही करायला सांगितले असेल तर ‘टोल्ड’. ‘ही टोल्ड मी टू साइन द फॉर्म’, म्हणजे फॉर्मवर सही करायला सांगितली.

आता पैशाचे शब्द. मराठीत ‘उसने’ एकच, घेतले काय नि दिले काय. इंग्रजीत दोन शब्द आहेत. गटाने मला पाच हजार दिले: ‘द ग्रुप लेंट मी.’ मी गटाकडून घेतले: ‘आय बॉरोड फ्रॉम द ग्रुप.’ यांची अदलाबदल झाली की सावकार कोण आणि ऋणको कोण, तेच उलटे होते. ‘क्रेडिटेड’ म्हणजे खात्यात जमा, ‘डेबिटेड’ म्हणजे खात्यातून गेले. ‘प्रिन्सिपल’ म्हणजे मुद्दल, ‘इंटरेस्ट’ म्हणजे व्याज, ‘इन्स्टॉलमेंट’ म्हणजे हप्ता, ‘ओव्हरड्यू’ म्हणजे थकलेला हप्ता. ‘बॅलन्स’ जपून बरं का! पासबुकात तो आपला शिल्लक पैसा, दुकानाच्या बिलावर मात्र आपल्याकडून येणे बाकी. आणि ‘गॅरंटर’ म्हणजे जामीनदार. कर्ज घेणाऱ्याने नाही भरले तर ते तुम्हाला भरावे लागते. तिथे ‘नुसती सही करा’ असे कुणी म्हटले तरी करू नका.

आपल्याकडे आणखी एक शब्द फार चालतो, ‘म्हणे’. ‘कर्ज माफ झाले म्हणे.’ कोण म्हणे? कधी म्हणे? पैशाच्या गोष्टीत हे दोन प्रश्न विचारायलाच हवेत. फोनवर कुणी बँकेचे नाव सांगून ओटीपी मागितला तर देऊ नका. फसगत झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. तिथेही हेच सांगायचे असते: कोण काय म्हणाला, केव्हा म्हणाला, किती पैसे गेले. ‘ही सेड दॅट ही वॉज कॉलिंग फ्रॉम द बँक. ही आस्क्ड मी फॉर द ओटीपी.’ मराठीत सांगितले तरी क्रम हाच ठेवा.

सराव कुठे करायचा? गटाच्या बैठकीत. ठराव वहीत ‘अध्यक्षांनी सांगितले की...’ असे आपण लिहितोच, तेही इनडायरेक्टच. बैठक संपली की दहा मिनिटे काढा. एकीने बँकेचे साहेब व्हावे, दुसरीने खातेदार, आणि साहेब काय म्हणाले ते तिसरीने इंग्रजीत सांगावे. चुकले तर हसा, पण वाक्य पुरे करा.

पहिला धडा तर पाकिटातच आहे. शंभराची नोट काढा. त्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या सहीसह ‘आय प्रॉमिस टू पे’ असे वचन छापलेले असते. त्यातला ‘आय’ कोण, ते आधी मैत्रिणीला विचारा. मग तिच्याकडून म्हणवून घ्या: ‘द गव्हर्नर हॅज प्रॉमिस्ड टू पे द बेअरर वन हंड्रेड रुपीज.’ एक रुपयाच्या नोटेवर मात्र हे वचन नसते. ती भारत सरकारची असते आणि तिच्यावर वित्त सचिवांची सही असते. सापडली तर तीही बघा.

पुढच्या बैठकीत एवढे करून बघाच. बँकेच्या खिडकीशी उभे राहताना आवाज आपोआप मोकळा होईल.