लोकप्रिय कादंबरीच्या वाटा (लेखांक ८) : शेवट ठाऊक असलेली गोष्ट

गेल्या लेखांकात आपण ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या ‘ड्रॅक्युला’पासून ॲन राइसच्या १९७६च्या ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’पर्यंत आलो. तिथे रक्तपिपाशाला मन मिळालं. पुढे अमेरिकन रोमान्स कादंबरीने त्याचा संसारही थाटून दिला. क्रिस्टीन फीहानची ‘डार्क प्रिन्स’ १९९९ची. २००५ साली जे. आर. वॉर्डची ‘डार्क लव्हर’ आली आणि ‘ब्लॅक डॅगर ब्रदरहूड’ ही भलीथोरली मालिका सुरू झाली. वॉर्ड हे टोपणनाव. बाईंचं खरं नाव जेसिका बर्ड, शिक्षण वकिलीचं. कायद्याची ही जाण त्यांच्या कथानकात पदोपदी उपयोगी पडलेली दिसते.

ही मालिका घडते न्यूयॉर्क राज्यातल्या कॉल्डवेल या काल्पनिक शहरात. इथले व्हॅम्पायर कुणाला चावून आपल्यासारखं करत नाहीत. ती जन्मजात वेगळीच जमात आहे. पंचविशीच्या सुमारास त्यांचं शरीर पालटतं. त्यातून जे निभावतात ते धिप्पाड होतात. त्यांना रक्त लागतं, पण ते आपल्याच जमातीतल्या भिन्नलिंगी व्यक्तीचं. त्यांना अमर म्हणायचं तेही सढळ हाताने, कारण आयुष्य हजारेक वर्षांचं आणि मरण कधीही येऊ शकतं. शत्रूंपासून त्यांच्या रक्षणासाठी योद्ध्यांचा एक संघ आहे, आणि एकेका पुस्तकात संघातल्या एकेकाचं लग्न जमतं.

इथेच नवा वाचक नाक मुरडतो. जमणारच असेल तर वाचायचं कशाला? अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेची व्याख्याच अशी, की प्रेमकथा केंद्रस्थानी हवी आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. म्हणजे उत्सुकता शेवटाची नसतेच. ती असते किमतीची. आजच्या अमेरिकन शहरातल्या दोन सज्ञान माणसांना लग्नापासून कोण अडवणार? आईबापांचा धाक उरला नाही, धर्माची बंधनंही सैल झाली. कादंबरीकाराची मात्र पंचाईत झाली. व्हॅम्पायर आणले की कायदा परत येतो, शाप परत येतो, घराणी परत येतात. माझ्या मते या प्रकाराचं खरं इंजिन तेच. सुळे वगैरे रंगकाम.

दुसऱ्या पुस्तकातली, ‘लव्हर इटर्नल’मधली मेरी बघा. साधी माणूस बाई, रक्ताचा कर्करोग उलटलेला. तिच्यावर रेज नावाच्या योद्ध्याचं प्रेम बसतं. माणसांना जमातीचा सुगावा लागू नये म्हणून भेट झालेल्यांची स्मृती पुसण्याची रीत आहे. म्हणजे तिला जवळ ठेवणं हाच गुन्हा. त्यात रेजच्या अंगात शापाने एक हिंस्र पशू भरलेला. शाप देणारी देवी, स्क्राइब व्हर्जिन, मेरीला बरं करायला तयार होते, पण मोबदला मागते. शाप कायम राहील, मेरी त्याला विसरेल आणि दोघांची पुन्हा गाठ पडणार नाही. रेज कबूल होतो. मग देवीला कळतं, की उपचारांमुळे मेरीला मूल होणार नाही. ती किंमत आधीच मोजली गेली असं धरून ती दोघांची ताटातूट टाळते. हा शेवट सोयीस्कर आहे, नाही असं नाही. पण देवी चक्क हिशेबाची वही उघडून जमाखर्च मांडते, हे मला फार आवडलं. आपल्याकडे पुरूरवा-उर्वशीत अमर्त्य ती आणि मर्त्य तो, आणि अट मोडताच ती निघून गेली. वॉर्डच्या जगात अटीवर घासाघीस होऊ शकते.

तिसरं पुस्तक ‘लव्हर अवेकन्ड’ मला सगळ्यांत सरस वाटतं. त्याचा नायक झेडिस्ट शंभर वर्षं रक्तगुलाम होता, म्हणजे रक्तासाठी बाळगलेला गुलाम. मालकिणीने त्याच्या देहाचा मन मानेल तसा वापर केला. मनगटांवर आणि गळ्यावर गोंदलेले पट्टे आहेत, कुणी हात लावलेला खपत नाही, वाचता येत नाही. दीर्घायुष्य म्हणजे वरदान नव्हे, तर जुनी जखम वागवण्याची लांबलेली मुदत, हे इथे नीट कळतं.

याच पुस्तकात संघातल्या टोरमेंट या योद्ध्याची गरोदर बायको वेल्सी मारली जाते. त्याची स्वतःची कादंबरी, ‘लव्हर रिबॉर्न’, आली २०१२ साली. वाचकांनी त्याच्यासोबत सहा वर्षं सुतक पाळलं म्हणायचं! वेल्सी परलोकाच्या उंबरठ्यावर अडकलेली, आणि नवरा दुःख सोडेना म्हणून तिची सुटका होईना. विधुराच्या दुसऱ्या प्रेमाला एवढी खोल अडचण क्वचितच कुणी घातली असेल. ‘लव्हर अनबाउंड’मध्ये मात्र घोटाळा झाला. नायिका जेन मरते आणि भूत होऊन परत येते. हा तोडगा पुष्कळ वाचकांना पटला नाही, मलाही नाही.

‘लव्हर ॲट लास्ट’ (२०१३) क्विन आणि ब्ले या दोन पुरुषांची गोष्ट आहे. क्विनचा एक डोळा निळा, एक हिरवा. एवढ्या ‘व्यंगा’पायी खानदानी घराण्याने त्याला टाकलेलं. इथे अडसर कुठला शाप नाही, चार लोक काय म्हणतील हाच आहे, आणि तो आपल्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

दोष आहेतच. शत्रुपक्षाची प्रकरणं कंटाळवाणी आहेत, खुशाल चाळावीत. नायकांची मालकी हक्काची भाषा खटकते. शृंगार उघडावाघडा आहे, तेव्हा पुस्तक घरातल्या शाळकरी मुलांच्या हाती देऊ नका. आणि मधूनच कुठलाही भाग उचलू नका. पहिल्यापासून क्रमाने तीन वाचा. झेडिस्टपाशी मन रमलं नाही, तर ही मालिका तुमच्यासाठी नाही असं समजून खुशाल सोडा.