चित्रफीत का दिसत नाही? संकेतस्थळावरील काळ्या चौकटीचा उलगडा



जून महिना उजाडला की परभणी जिल्ह्यातील शेतकरी आकाशाकडे पाहतो आणि आता हातातील मोबाईलकडेही पाहतो. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले व २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. तेथील शास्त्रज्ञांचे मार्गदर्शन पूर्वी पुस्तिका, मेळावे व आकाशवाणी यांद्वारे पोहोचत असे. आज त्यात यूट्यूबवरील चित्रफितींची भर पडली आहे. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नये, बियाण्यांवर प्रक्रिया कशी करावी, फवारणी करताना तोंडावर व हातांवर काय घालावे, हे सारे प्रत्यक्ष पाहून चटकन समजते.

ही केवळ सोयीची गोष्ट नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जण दगावले, ही घटना अजून विस्मरणात गेलेली नाही. अशा वेळी एखाद्या संस्थेने आपल्या संकेतस्थळावर लावलेली माहितीची चित्रफीत उघडावी आणि तेथे केवळ काळी चौकट दिसावी, तर तो दोष लहान म्हणता येत नाही. म्हणून ही चौकट कशी चालते व का बंद पडते, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

चौकटीत काय असते?

पुष्कळांचा समज असा की पानावर दिसणारी चित्रफीत त्या पानातच साठवलेली असते. वस्तुतः तसे नाही. आपल्या अंगणातील नळाला पाणी येते म्हणून ते अंगणात साठलेले नसते. ते जिंतूर तालुक्यातील येलदरीसारख्या धरणात असते व जलवाहिनीतून नळापर्यंत येते. चित्रफितीचेही असेच आहे. ती यूट्यूबच्या संगणकांवर असते. आपल्या पानावर असतो तो केवळ एक नळ, म्हणजे ‘आयफ्रेम’ नावाचा चार-दोन ओळींचा कोड. वाचकाने पान उघडले की हा कोड यूट्यूबकडे मागणी करतो आणि चित्र इंटरनेटच्या वाहिनीतून थेट वाचकाच्या यंत्रावर येते.

नळाला पाणी आले नाही तर आपण तीन ठिकाणी चौकशी करतो: धरणात, नळात आणि वाहिनीत. चित्रफितीच्या बाबतीतही हाच क्रम धरावा.

पहिली चौकशी : मूळ ठिकाणी

प्रथम तीच चित्रफीत थेट यूट्यूबवर उघडून पाहावी. तेथेही दिसत नसेल तर ती काढून टाकलेली असते किंवा मालकाने ती ‘प्रायव्हेट’ ठेवलेली असते. ‘अनलिस्टेड’ ठेवलेली चित्रफीत शोधात सापडत नाही, परंतु दुसऱ्या पानावर लावता येते. ‘प्रायव्हेट’ मात्र लावता येत नाही. या दोन शब्दांतील गल्लत फार वेळा होते.

यूट्यूबवर दिसते, पण आपल्या पानावर दिसत नाही, असे असेल तर दोन शक्यता राहतात. मालकाने ती अन्यत्र लावण्याची परवानगी बंद ठेवलेली असू शकते. ही परवानगी चित्रफितीच्या सेटिंगमध्ये एका खुणेने देता येते. किंवा चित्रफितीला वयाची मर्यादा घातलेली असू शकते, आणि अशी चित्रफीत बाहेरच्या पानांवर सहसा चालत नाही. कधी पार्श्वसंगीताच्या स्वामित्वहक्कामुळेही आवाज बंद होतो किंवा चित्रफीत अडवली जाते.

दुसरी चौकशी : कोडमध्ये

येथेच सर्वाधिक चुका होतात. यूट्यूबवरील प्रत्येक चित्रफितीला अकरा अक्षरचिन्हांची खूण असते. चित्रफीत पाहताना वरच्या पट्टीत जो पत्ता दिसतो त्यात या खुणेपूर्वी ‘वॉच’ हा शब्द असतो, तर चौकटीसाठीच्या पत्त्यात ‘एम्बेड’ हा शब्द असतो. ‘वॉच’चा पत्ता तसाच आयफ्रेममध्ये घातला तर यूट्यूब जोडणी नाकारते. म्हणून कोड हाताने रचू नये. संगणकावर चित्रफीत उघडून ‘शेअर’ व त्यानंतर ‘एम्बेड’ निवडावे व मिळालेला कोड जसाच्या तसा घ्यावा. मोबाईलमधील यूट्यूब ॲपमध्ये ही सोय नसते, केवळ दुवा मिळतो.

मिळालेला कोड वर्डमध्ये ठेवून मग चिकटवू नये. वर्ड सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे करते आणि कोड निकामी होतो. तसेच, कोड लेखनाच्या साध्या खिडकीत चिकटवला तर चित्राऐवजी कोडची अक्षरेच पानावर उमटतात. तो ‘एचटीएमएल’च्या खिडकीत घालावा लागतो. काही व्यवस्था सुरक्षेसाठी सामान्य लेखकाचा आयफ्रेम गुपचूप काढून टाकतात. वर्डप्रेसमध्ये मात्र २००९ पासून सोपा मार्ग आहे: यूट्यूबचा दुवा स्वतंत्र ओळीवर एकटाच ठेवला की चौकट आपोआप तयार होते. फेसबुकच्या चित्रफितींबाबत ही सोय २०२० च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली.

जुन्या पानांचा आणखी एक प्रश्न आहे. यूट्यूबच्या प्रारंभीच्या काळातील कोड ‘फ्लॅश’ या प्रणालीवर चालत. आयफ्रेमचा कोड २०१० मध्ये आला, २०१५ मध्ये यूट्यूबने ‘एचटीएमएल ५’ ही पद्धत नेहमीची म्हणून स्वीकारली, आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर ॲडोबी कंपनीने फ्लॅशला आधार देणे थांबवले. त्यामुळे मूळ चित्रफीत शाबूत असूनही जुने नळ कोरडे पडले. अशा पानाच्या कोडमधील अकरा चिन्हांची खूण शोधून नवा कोड घातला की चित्र पुन्हा दिसू लागते. जुन्या कोडमधील पत्ता ‘एचटीटीपी’ने सुरू होत असेल व आपले संकेतस्थळ ‘एचटीटीपीएस’ असेल, तरीही ब्राऊझर चौकट अडवतो.

२०२५ पासून ‘एरर १५३’ हा संदेशही पुष्कळांनी पाहिला असेल. आपली चित्रफीत कोणत्या संकेतस्थळावरून मागितली जात आहे, हे यूट्यूबला कळावे लागते. ती ओळख पानाच्या व्यवस्थेने लपवली, किंवा पान संकेतस्थळावर न चढवता संगणकातील फाईल म्हणून उघडले, तर हा संदेश येतो. यूट्यूबकडून कोड नव्याने घ्यावा, कारण आजच्या कोडमध्ये त्याची तरतूद असते.

तिसरी चौकशी : वाचकाकडे

वरील दोन्ही ठीक असतील तर अडचण वाचकाच्या बाजूला असते. जाहिराती रोखणारे साधन कधी चौकटही रोखते. कार्यालयांत किंवा शाळांत यूट्यूबच बंद ठेवलेले असते. रेंज कमी असली की चौकट फिरतच राहते. तेव्हा चित्राचा दर्जा १४४ किंवा २४० वर आणावा. चौकटीची रुंदी कोडमध्ये ठरावीक आकड्यात दिलेली असल्यास ती मोबाईलच्या पडद्याबाहेर जाते. तेथे आकड्याऐवजी १०० टक्के लिहावे व उंची त्या प्रमाणात ठेवावी.

संपादकाचे कर्तव्य

एवढे सारे केल्यावरही नळ आपला असला तरी धरण आपले नाही, हे ध्यानात ठेवावे. २०२० च्या टाळेबंदीत आपल्या कित्येक कुटुंबांनी मिस्साबलिदानात, आणि काहींनी तर आप्तांच्या अंत्यविधीतही, पडद्यावरूनच सहभाग घेतला. त्या वेळी एक चौकट बंद पडणे म्हणजे काय, हे त्या घरांना ठाऊक आहे.

म्हणून धर्मग्राम, शाळा किंवा संस्थेच्या संकेतस्थळाचे काम पाहणाऱ्या तरुणांना तीन सूचना. प्रत्येक चौकटीखाली चित्रफितीचा साधा दुवा द्यावा, म्हणजे चौकट चालली नाही तरी वाट मोकळी राहते. चित्रफितीत सांगितलेली मुख्य गोष्ट चार-पाच वाक्यांत लिहावी. पेरणीचा पाऊस किती किंवा औषधाचे प्रमाण काय, हे अक्षरांत असेल तर कमी रेंज असलेल्या गावातही ते वाचता येते व ऐकू न येणाऱ्यांनाही समजते. आणि पान प्रसिद्ध केल्यावर ते स्वतःच्या संगणकावर नव्हे, तर दुसऱ्याच्या साध्या मोबाईलवर उघडून पाहावे. जे आपल्याला दिसते तेच वाचकाला दिसते, असे गृहीत धरू नये.