दूरध्वनीच्या तारेवरील ई-मेल : जोडणी केव्हा जोडावी, केव्हा तोडावी

मुंबईत जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था (२००३ मध्ये ती सी-डॅकमध्ये विलीन झाली) आणि पवईची आयआयटी यांच्या दरम्यान १९८७ च्या सुमारास अर्नेट योजनेखाली ई-मेलची पहिली देवघेव झाली, ती साध्या दूरध्वनीच्या तारेवरून. तिची रीत अशी होती : एका संगणकाने दुसऱ्यास दूरध्वनी करावा, आपल्याकडे साठलेली पत्रे द्यावीत, तिकडची घ्यावीत आणि लागलीच तार मोकळी करावी. यूयूसीपी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत जोडणी म्हणजे टपाल उचलण्यापुरती भेट होती, वास्तव्य नव्हे. पुढे डायल-अप इंटरनेट आले तेव्हा हा भेद पुष्कळांच्या ध्यानातून निसटला. प्रस्तुत विवेचनाचा विषय तोच भेद होय.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मोठ्या शहरांतून इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले. निगमची मक्तेदारी नोव्हेंबर १९९८ च्या धोरणाने संपली. परंतु यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड यांसारख्या गावांच्या दृष्टीने प्रश्न निराळाच होता. जेथे सेवेचे केंद्र नाही तेथून दूरच्या शहराचा क्रमांक एसटीडीने फिरवावयाचा, म्हणजे प्रत्येक मिनिटास ट्रंक-कॉलचाच खर्च. १७२ ने आरंभ होणारे प्रवेश-क्रमांक आल्यावर स्थानिक दराने जोडणी शक्य झाली. तरीही ग्राहकास दोन मीटर सोसावे लागत : सेवादात्याकडून विकत घेतलेले तास, आणि दूरध्वनी खात्याचा घटक. स्थानिक कॉलचा हा घटक काही काळ १८० सेकंदांचा होता.

आता थोडा हिशेब मांडू. सेकंदास २८,८०० बिट वेगाच्या मोडेमवर प्रत्यक्षात सुमारे ३,००० बाइट हाती लागतात असे धरावे. चार-चार हजार बाइटांची ५० पत्रे म्हणजे २ लाख बाइट. ती ६७ सेकंदांत उतरतात. मोडेमची शिट्टी, सांकेतिक शब्द इत्यादींचा वेळ मिळवला तरी काम एका घटकात उरकते. तीच पत्रे जोडणी चालू ठेवून प्रत्येकी एक मिनिट वाचीत बसल्यास ५० मिनिटे, म्हणजे १७ घटक लागतात. वाचणे आणि उत्तर लिहिणे या क्रियांस तारेची गरजच नसते, हे एवढे लक्षात आले की निम्मा प्रश्न सुटतो. पत्रे उतरवून जोडणी तोडावी, उत्तरे स्वस्थपणे लिहून 'आउटबॉक्स'मध्ये ठेवावीत, आणि पुढील भेटीत एकदम रवाना करावीत.

छायाचित्रांची गोष्ट वेगळी. पत्रासोबत जोडलेली फाईल अक्षररूपात परिवर्तित होऊन जाते व त्यात तिचा आकार एक-तृतीयांशाहून थोडा अधिकच वाढतो. १० लाख बाइटांचे चित्र १३.७ लाखांचे होते व त्यास साडेसात मिनिटांहून अधिक काळ लागतो. चित्र पाठविणारा बहुधा शहरातील असे. त्यास याची कल्पना नसे.

या ठिकाणी तारेचा गुण फार महत्त्वाचा ठरतो. दूरध्वनीची तार सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेते. १९९८ मध्ये मान्य झालेल्या ५६,००० बिटांच्या मानकास ग्राहकापासून केंद्रापर्यंत संकेताचे एकदाच रूपांतर होणे आवश्यक असते. मधल्या एक्स्चेंजमध्ये ते दुसऱ्यांदा झाले की मोडेम निमूटपणे जुन्या वेगावर येतो. खरखरणाऱ्या तांब्याच्या तारेवर तो आणखी उतरतो आणि अखेर जोडणी तुटते.

जोडणी तुटल्यावर काय होते, हे बहुतेक मार्गदर्शिकांतून सांगितले जात नाही. वास्तविक अडचणीचे मूळ तेथेच आहे. पत्रे उतरविण्याची पॉप-३ ही पद्धती (आरएफसी १९३९, वर्ष १९९६) मोठी सावध आहे. ग्राहकाने रीतसर निरोप घेतल्याखेरीज ती सर्व्हरवरील एकही पत्र खोडीत नाही. त्यामुळे पत्र गमावत नाही; मात्र तार मध्येच तुटली तर उतरलेली पत्रे पुन्हा उतरू शकतात. प्रत्येक पत्राची खूण लक्षात ठेवणारा प्रोग्रॅम असल्यास ही द्विरुक्ती टळते. आता रांगेत तिसरे पत्र त्या मोठ्या चित्राचे आहे आणि तार पाच मिनिटांपलीकडे टिकत नाही, अशी कल्पना करावी. अर्धवट पत्र पुढे चालू करण्याची सोय या पद्धतीत नाही. प्रत्येक खेपेस तेच पत्र आरंभापासून सुरू होते व तेथेच तुटते. मार्गदर्शकाने प्रबंधाच्या प्रकरणावर दिलेला अभिप्राय चौथ्या क्रमांकावर असेल, तर तो विद्यार्थ्यास कितीही वेळा प्रयत्न केला तरी मिळणार नाही! शिवाय तुटलेल्या जोडणीची वार्ता सर्व्हरला उशिरा कळते. तोवर पेटी कुलूपबंद राहते आणि लगेच फोन लावणाऱ्यास ती 'व्यस्त' असल्याचे उत्तर मिळते. पुष्कळजण अशा वेळी सांकेतिक शब्द चुकला असे समजून तो बदलण्याच्या खटपटीस लागत. उपाय एवढाच की काही मिनिटे थांबावे, मग केवळ शीर्षके मागवावीत आणि जड पत्र सर्व्हरवरच ठेवून पुढची घ्यावीत. बऱ्याच प्रोग्रॅमांत ठराविक आकारापुढील पत्र न उतरविण्याची मर्यादा घालता येई.

पाठविण्याच्या बाजूसही असाच एक सांधा आहे. पत्र पूर्ण पोचले, पण पोचपावती येण्यापूर्वी तार तुटली, तर प्रोग्रॅम ते पुन्हा पाठवितो व एकाच पत्राच्या दोन प्रती जातात. हा दोष १९८८ मध्येच नोंदला गेला आहे.

राहिला जोडणी आपोआप जुळण्या-तुटण्याचा प्रश्न. दर दहा मिनिटांनी पत्रे तपासण्याची योजना कायम जोडणीसाठी असते. डायल-अपवर ती चालू राहिल्यास संगणक स्वतःच फोन लावतो आणि घरचा दूरध्वनी अडवून ठेवतो. उलटपक्षी, 'देवघेव संपताच तार सोडावी' हा पर्याय मी तरी उत्तम मानतो. पण त्याच वेळी कोणी दुसरे पान वाचीत असेल, तर त्याची जोडणीही त्यासरशी जाते. एकाच संगणकावर अनेक विद्यार्थी काम करीत असल्यास ही तपासणी हातानेच करणे इष्ट. हॉटमेल, रेडिफमेल यांसारख्या पानावरच्या टपालात वाचनासाठीच जोडणी राखावी लागे. सायबर कॅफेत ते सोयीचे, घरी मात्र खर्चिक.

अमेरिकेतील एओएलने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. मोबाईलवरील आजचे प्रोग्रॅम आयमॅप ही पद्धती वापरतात; तीत पत्राचा हवा तेवढाच भाग मागविता येतो व जोडलेली फाईल स्वतंत्रपणे उतरविता येते. तिसऱ्या पत्राची अडवणूक तेथे होत नाही. मात्र पत्र पाठविताना पोचपावतीचा तो सांधा अद्याप तसाच आहे.