घरांत फटफटी येते तेव्हां

गेल्या ज्येष्ठांत आमच्या पुतण्यानें मोटारसायकल घेण्याचा विषय काढला, आणि चार दिवस पंक्तींत दुसरें बोलणें झालें नाहीं. त्याची नोकरी वसईच्या पूर्वेस सातिवलीकडे. विरारहून लोकलच्या गर्दींतून व पुढें रिक्षानें जाण्यायेण्यांत त्याचे रोज दोन तास मोडत. वहिनींचें म्हणणें एकच: "भाऊजी, तुम्हींच त्याला समजवा. तें वाहन नको." निकाल माझ्यावर सोंपविला गेला, कारण या घरांत पहिली फटफटी मींच आणली आणि तिच्यावरून पडलोंही मीच.

ती १९८७ सालची गोष्ट. मृगाची पहिली सर नुकती येऊन गेली होती. आगाशीच्या रस्त्यावर एका वळणांत म्हैस आडवी आली, आणि घाबरून मीं पुढचा ब्रेक करकचून आवळला. पहिल्या पावसानें रस्त्यावरचें तेल व धूळ यांचा निसरडा लेप होतो, हें तेव्हां कळत नव्हतें. चाक सरकलें, मनगट मोडलें. डोक्यास कांहींच नव्हतें. तें दगडावर न पडतां चिखलांत पडलें, म्हणून हा लेख लिहीत आहें. आमचें कुटुंब त्या दिवशीं मागें बसलेलें नव्हतें.

माझी चूक पुढचा ब्रेक वापरण्याची नव्हती. वाहन थांबतांना भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबविण्याचें बहुतेक काम तोच ब्रेक करतो. परंतु टायरची पकड मर्यादित असते. ती वळण्यांत खर्च झाली कीं थांबण्यासाठीं थोडीच उरते. म्हणून वेग वळणापूर्वीं, वाहन सरळ असतांनाच कमी करावा, आणि ब्रेक क्रमाक्रमानें पिळावा.

पुतण्या म्हणाला, "काका, माझा हात आतां बसला आहे." मला भीति वाटते ती याच वाक्याची. त्यास मीं पाटीवरचें गणित घातलें. ताशी ६० किलोमीटर म्हणजे एका सेकंदांत सुमारें १७ मीटर. संकट दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. पुढें कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही थांबावयास वीसएक मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर पुष्कळच अधिक. वेग दुप्पट झाला कीं ब्रेक लागल्यानंतरचें अंतर चौपट होतें. हात कितीही बसलेला असो, हीं अंतरें त्याच्यासाठीं आखडत नाहींत.

अरबस्तानांतील कामगिरीनें गाजलेले टी. ई. लॉरेन्स हे पट्टीचे मोटारसायकलस्वार होते. १९३५ च्या मे महिन्यांत इंग्लंडांत, सायकलवरील दोन मुलांना चुकवितांना ते फेकले गेले व सहा दिवसांनीं डोक्याच्या दुखापतीनें वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नांवाचे शल्यवैद्य होते. त्यांनीं पुढें लष्करी स्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ सालीं तो प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षीं ब्रिटिश लष्करानें आपल्या स्वारांस शिरस्त्राण सक्तीचें केलें.

आपल्याकडील १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १२९ वें कलम चालविणारा व मागें बसणारा, दोघांसही शिरस्त्राण घालावयास सांगतें, आणि तेंही पट्टा नीट बांधून. आमच्या आळींत तें बहुधा आरशावर टांगलेलें किंवा कोपरांत अडकविलेलें दिसतें. कोपर फुटूं नये अशी लोकांची फार काळजी! मागच्या चाकांत वस्त्र अडकूं नये म्हणून अर्धें चाक तरी झांकणारें आवरणही नियमानें हवें. पुष्कळ तरुण शोभेसाठीं तें काढून ठेवतात. घरांतील लुगडीं आणि ओढण्या त्यांना आठवत नसाव्यात.

शेवटीं मीं होकार दिला, पण अटींसह. पावसाळा सरेपर्यंत विरार फाट्यावरून अहमदाबाद महामार्गास लागावयाचें नाहीं, गांवांतूनच जावयाचें. ट्रकच्या डाव्या कुशीस रेंगाळावयाचें नाहीं, तेथें दुचाकी चालकाच्या दृष्टीआड जाते. आणि शिरस्त्राणें दोन घ्यावयाचीं. वहिनी दोन दिवस माझ्याशीं बोलल्या नाहींत.

आषाढांत गाडी आली. पहिल्या फेरीस मागें मी बसलों व त्यास आगाशीकडे न्यावयास सांगितलें. वळण येण्यापूर्वींच त्यानें वेग उतरविला. म्हैस नव्हती. घरीं परतलों तों वहिनी दारांत उभ्या होत्या. त्यांनीं माझ्या हातांतलें शिरस्त्राण घेतलें, उलटसुलट पाहिलें, आणि पट्टा कोठें आंवळतात तें मला विचारूं लागल्या.