कचेऱ्या कोठे न्यायच्या?

सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास दिवा स्थानकाच्या फलाटावर जो घटकाभर उभा राहील, त्याला मुंबईच्या अर्थकारणाचा एक धडा कोणतेही पुस्तक न उघडता मिळेल. मुंबईकडे जाणाऱ्या गाडीच्या दारात पाऊल टेकविण्यापुरतीही जागा नसते. आणि त्याच वेळी शेजारच्या रुळांवरून कल्याणच्या दिशेने परतणाऱ्या गाडीत बाकेच्या बाके मोकळी दिसतात. तीच गाडी, तीच वीज, तोच रूळ. परंतु एका दिशेने ती माणसे चेंगरून नेते आणि दुसऱ्या दिशेने वारा वाहून नेते! कंपन्यांनी आपल्या मुख्य कचेऱ्या महागड्या शहरातून उठवून स्वस्त प्रदेशात न्याव्यात की नाही, ह्याची चर्चा एरवी संचालकांच्या बैठकीत होते. आम्हांला ती आज दिव्याच्या ह्या फलाटावर करावयाची आहे. कारण त्या निर्णयाचे बिल अखेरीस ह्याच फलाटावर वसूल होते.

कंपनी आपले बिऱ्हाड हलविते ती हौसेखातर नव्हे. जागेचे भाडे, नोकरवर्गाचा पगार, सरकारी कर आणि कामास मिळणाऱ्या माणसांची उपलब्धता, ह्या चार रकान्यांची बेरीज एका गावी जड झाली आणि दुसऱ्या गावी हलकी दिसली, की ती उठते. ह्यात पाप काहीच नाही. भागधारकांचा पैसा समुद्राच्या देखाव्यावर उधळण्यापेक्षा तो उत्पादनावर खर्च व्हावा, असे कोणीही शहाणा माणूस म्हणेल. मुंबईतील कचेऱ्यांचा गेल्या काही दशकांतील प्रवास ह्याच हिशेबाने झाला. फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेट भरले तेव्हा समुद्र हटवून नरिमन पॉइंट उभे राहिले. नरिमन पॉइंट परवडेनासे झाले तेव्हा मिठी नदीकाठच्या खाजणावर वांद्रे-कुर्ला संकुल उभारण्यात आले. हिंदुस्थान युनिलिव्हरसारख्या जुन्या कंपनीने २००९-१० च्या सुमारास चर्चगेटजवळची आपली प्रसिद्ध कचेरी सोडली आणि अंधेरीला चकाल्यात मुक्काम हलविला. पुढे वांद्रे-कुर्ला संकुलातील भाडी नरिमन पॉइंटवरही कडी करू लागली, तेव्हा ठाण्याची वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्टी ह्यांचे दिवस फिरले. जेथे एके काळी कारखान्यांचे भोंगे वाजत होते, तेथे काचेच्या इमारतींत संगणकांच्या रांगा मांडल्या गेल्या.

मात्र ह्या स्थलांतरात एक बारीकशी मेख आहे, ती वाचकांनी ध्यानात घ्यावी. पुष्कळ कंपन्या स्वतः हलतच नाहीत. त्या स्वतःचे दोन तुकडे करतात. नावाची पाटी, अध्यक्षांची खोली आणि बैठकीचे टेबल शहराच्या प्रतिष्ठित भागात राहते. हिशेब, पत्रव्यवहार, संगणक आणि दूरध्वनी सांभाळणारा शेकडो माणसांचा ताफा तेवढा ऐरोलीला किंवा ठाण्याला धाडला जातो. चेहरा महाग जागेत आणि हातपाय स्वस्त जागेत, अशी ही विभागणी आहे. हा व्यवहार कंपनीला फायद्याचा पडतो, ह्याविषयी शंका नाही. परंतु स्वस्त जागा म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आम्हांला येथे विचारावयाचा आहे.

जमीन दोन कारणांनी स्वस्त असते. एक तर ती दूर असते, परंतु तिला रस्ता, पाणी, वीज आणि रेल्वे ह्यांचा आधार असतो. तेथे कंपन्या धावत जातात. किंवा ती जवळ असूनही सार्वजनिक दुर्लक्षामुळे कवडीमोल झालेली असते. तेथे कंपन्या जात नाहीत, तेथे गरीब माणसे जातात. दिवा हे ह्या दुसऱ्या प्रकारचे गाव आहे. नकाशा पाहिला तर ह्या गावाइतके भाग्यवान ठिकाण शोधून सापडावयाचे नाही. येथून एक लोहमार्ग मुंबईकडे, एक कल्याणकडे, एक वसईकडे आणि एक पनवेलमार्गे थेट कोकणात जातो. चहूंकडे वाटा फुटणाऱ्या अशा जंक्शनाभोवती दुसऱ्या कोणत्याही देशात बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती ह्यांची गर्दी झाली असती. येथे कशाची गर्दी झाली? ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षे येथे येऊन पडला. रेल्वेच्या फाटकाने गाड्या आणि माणसे दोघांनाही ताटकळत ठेवले. पाण्यासाठी वणवण झाली. परवानगीवाचून इमारती उठल्या आणि मुंबईत ज्यांना खोली परवडत नव्हती अशा हजारो कुटुंबांनी आपली आयुष्यभराची पुंजी त्यांत ओतली. कचेऱ्या स्वस्त जागेच्या शोधात निघाल्या त्या ऐरोलीला थांबल्या. माणसे स्वस्त जागेच्या शोधात निघाली ती दिव्याला पोचली. ह्या दोहोंच्या मध्ये पारसिकचा डोंगर उभा आहे!

ह्या डोंगराची किंमत कोण मोजतो? दिव्यात राहून ऐरोलीत नोकरी करणाऱ्या माणसाला आधी ठाण्यास जावे लागते, तेथे जिने आणि पूल चढून गाडी बदलावी लागते, आणि मग डोंगराला वळसा घालून कामावर पोचावे लागते. हा वळसा वाचविण्यासाठी कळवा-ऐरोली जोडमार्गाची योजना आखण्यात आली आणि २०१६ साली तिला मंजुरीही मिळाली. त्या योजनेतील दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. जोडमार्ग मात्र झालेला नाही. आता साधे गणित करा. ज्याला जाण्यास दीड तास आणि येण्यास दीड तास लागतो, तो वर्षाच्या तीनशे कामाच्या दिवसांत नऊशे तास गाडीत घालवितो. आठ तासांचा एक दिवस धरला, तर हे एकशेबारा दिवस झाले. कंपनीने भाड्यात जी बचत केली, तिच्या वहीत हे एकशेबारा दिवस कोठेही लिहिलेले नाहीत. ते लिहिलेले असतात कामगाराच्या कपाळावरच्या आठ्यांत, आणि संध्याकाळी वाट पाहून झोपी गेलेल्या त्याच्या मुलांच्या वाट्याला ते येतात.

कधी कधी त्याहून भयंकर किंमत मोजावी लागते. २ जानेवारी २०१५ रोजी सकाळी गाड्यांचा खोळंबा झाला आणि दिवा येथे प्रवाशांच्या संतापाचा स्फोट होऊन दगडफेक आणि जाळपोळ झाली. त्या हिंसेचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु रोज सकाळी अपमान गिळून कामावर जाणारी माणसे एके दिवशी का बिथरतात, हे न समजण्याइतके आम्ही दूधखुळे नाही. त्यानंतर २०१६ च्या अखेरीस दिव्यास जलद गाड्यांचा थांबा मिळाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. इतके होऊनही ९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा आणि मुंब्रा ह्यांच्या दरम्यान, वळणावर दोन गाड्या शेजारून जात असता, दारांत लोंबकळणारे प्रवासी रुळांवर कोसळले आणि त्यांतील काहींनी प्राण गमावले. ते कोठे निघाले होते? कचेरीला! माणसाला कचेरीपर्यंत नेताना त्याचा जीव जात असेल, तर कचेरीच माणसाच्या जवळ का आणू नये, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

येथे कोणी म्हणेल की, कंपन्यांना सवलती द्या, म्हणजे त्या आपोआप येतील. आम्हांला हे म्हणणे अपुरे वाटते. सुरतेचे उदाहरण ताजे आहे. १७ डिसेंबर २०२३ रोजी तेथे भव्य हिरे बाजाराचे उद्घाटन झाले. मुंबईच्या तुलनेत जागा स्वस्त, इमारत नवी, हिऱ्यांना पैलू पाडणारे कारागीर तर त्याच शहरातले. तरीही मुंबईहून मोठ्या गाजावाजाने तेथे गेलेली एक नामवंत पेढी काही महिन्यांतच मुंबईस परतल्याचे वृत्त आले. परदेशी खरेदीदार, विमानांची सोय, बँका आणि वर्षानुवर्षांचे व्यापारी शेजारी हे सगळे स्वस्त भाड्याबरोबर गाठोड्यात बांधून नेता येत नाही. व्यापार हा कळपाने चालणारा प्राणी आहे. एकटे मेंढरू कितीही हिरव्या कुरणात सोडले तरी ते कळपाकडे परतते. म्हणून नव्या ठिकाणी पहिला खुंटा कोणीतरी असा ठोकावा लागतो, की जो उपटला जाणार नाही. तो खुंटा ठोकण्याचे सामर्थ्य एकट्या सरकारात आहे.

आणि येथेच आपल्या राज्यकर्त्यांच्या वचनभंगाचा जुना इतिहास समोर येतो. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल ह्यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली. सरकारने आपली राजधानीच तेथे न्यावी, म्हणजे व्यापार आणि माणसे तिच्यामागून जातील, हा त्या कल्पनेचा गाभा होता. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, जमिनी संपादन झाल्या, शेतकऱ्यांची शेते आणि मिठागरे गेली. पुढे कायद्याच्या बळावर मुंबईचा कांदा-बटाटा, मसाला आणि धान्य ह्यांचा घाऊक बाजार वाशीस हलविण्यात आला. पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडी कामगाराला सांगितले गेले की, शहराच्या भल्यासाठी तू हलले पाहिजेस. तो हलला. मंत्रालय मात्र हलले नाही! बेलापूरला कोकण भवन झाले, कोकण रेल्वेचे मुख्यालय आले. सत्तेची खुर्ची होती तेथेच राहिली. उलट, एअर इंडियाने २०१३ साली आपले मुख्यालय दिल्लीस नेल्यानंतर नरिमन पॉइंटवरील तिची तेवीस मजली इमारत १,६०१ कोटी रुपयांना विकत घेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२३ साली घेतला. कंपन्या महाग जागा सोडून स्वस्त जागेकडे जातात; आमचे सरकार कंपनीने सोडलेली महाग जागा विकत घेते! इतरत्र विखुरलेल्या खात्यांना एका छताखाली आणण्याची सोय ह्यात आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु ते छत कल्याणला का असू नये?

इंग्लंडसारख्या सनातनी देशालाही हे सुचले होते. लंडनच्या मध्यभागातील कचेऱ्यांना बाहेर जाण्यास उत्तेजन आणि सल्ला देणारी खास संस्था तेथे १९६३ साली स्थापन झाली. आणि सरकार केवळ दुसऱ्यांना उपदेश करून थांबले नाही. मोटारींच्या नोंदणीची आणि परवान्यांची मध्यवर्ती कचेरी त्याने वेल्समधील स्वान्सी येथे नेली. ज्या कामाला मंत्र्याच्या दाराशी उभे राहण्याची गरज नाही, ते काम राजधानीत कशासाठी, हा साधा विचार त्यामागे होता. आपल्याकडे कागद आता संगणकावरून फिरू लागले आहेत. मग त्या कागदाच्या मागून कारकुनाने रोज चाळीस किलोमीटर लोंबकळत का जावे?

दादर-पार्ल्याच्या नोकरवर्गाने उलट दिशेला कल्याणपर्यंत फरफटत जावे काय, असा आक्षेप येईल. त्यावर आमचे उत्तर त्या रिकाम्या बाकांकडे बोट दाखविणे हे आहे. त्यांना बसावयास जागा तरी मिळेल. शिवाय राज्य सरकारच्या मुंबईतील कचेऱ्यांत काम करणाऱ्या कारकुनांपैकी किती जण आज ठाण्याच्या पलीकडे, कर्जत-कसाऱ्यापर्यंत राहतात, हे सरकारने एकदा मोजून जाहीर करावे. ते आकडे पाहिल्यावर हा वाद फार वेळ टिकेल, असे आम्हांला वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आम्ही स्वतःच मांडतो. कचेऱ्या येणार अशी कुणकुण लागताच जमिनीचे भाव चढतील, आणि ज्या गरिबांच्या नावाने हे सारे करावयाचे तेच तेथून उठविले जातील. हे भय खरे आहे. म्हणून अनधिकृत इमारतींत फसून बसलेल्या कुटुंबांच्या डोक्यावरील छपराचा प्रश्न आधी सुटला पाहिजे. त्यांना फसविणारे मोकळे आणि फसलेले रस्त्यावर, असा न्याय चालणार नाही.

ह्या वेळी हे लिहिण्याचे कारण असे की, दिव्याच्या परिसराचे भवितव्य ह्याच काही वर्षांत ठरणार आहे. शेजारच्या म्हातार्डीस मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे ठाणे स्थानक व्हावयाचे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ पनवेलच्या बाजूस आहे, आणि दिव्याहून पनवेलला थेट लोहमार्ग आहे. कंपन्यांना जे जे हवे असते ते ते प्रथमच ह्या गावाच्या आसपास जमू लागले आहे. ही जमीन केवळ घरांच्या मनोऱ्यांना विकून टाकली, तर दिव्याच्या फलाटावर आणखी लाखभर माणसे येऊन उभी राहतील, आणि गाडी तीच असेल. तिचा रास्त भाग सरकारी खात्यांसाठी आणि कचेऱ्यांसाठी राखून ठेवला, रस्ता, पाणी आणि कळवा-ऐरोली जोडमार्ग आधी पुरा केला, आणि सरकारने आपले एखादे मोठे खाते मंत्र्यांच्या पाटीसह तेथे आणून बसविले, तर कंपन्यांना आमंत्रण देण्याची गरज उरणार नाही. त्या हिशेब जाणतात, त्या येतील.

सरकारने प्रथम स्वतःचे बिऱ्हाड हलवावे आणि मग कंपन्यांना शहाणपण शिकवावे. मुंबईहून कल्याणकडे येणारी सकाळची गाडी ज्या दिवशी भरून येईल, त्या दिवशी दिव्याहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसाला आत पाय ठेवण्यास जागा मिळेल. आमची मागणी एवढीच आहे.